‘व्ही’चं टोक उगमाकडे

स्थलनिर्देशक नकाशा ‘दोन मिनिटांत’ वाचायला शिकवणारा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचे दावे तीन: समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) नदी ओलांडताना जो ‘व्ही’ करतात त्याचं टोक नदी वाहते त्या दिशेला असतं, अडथळा आला की नदी वळते, आणि निळी रेघ दिसते तेवढीच नदीची जागा.

पहिला दावा चक्क उलटा आहे. समजा, तुम्ही ५०० मीटरच्या रेषेवरून उतारावर आडवे चाललात आणि वाटेत ओढा आला. नाकासमोर गेलात तर घळीत उतराल, म्हणजे ५००च्या खाली. उंची सोडायची नसेल तर घळीच्या कडेने उगमाकडे वळावं लागेल. ओढ्याचा तळच ५०० मीटरला भिडला की पलीकडे जायचं आणि दुसऱ्या काठाने परत यायचं. ही चाल कागदावर काढून बघा, टोक कुठे येतं ते. उताराकडे टोक असतं ते डोंगराच्या सोंडेचं. हा घोळ झाला की दरीची सोंड होते आणि सोंडेची दरी.

दुसरा दावा डोंगरात थोडाफार चालेल. पण अडवायला खडक नसलेल्या सपाट मैदानातच तर नदी सर्वांत नागमोडी होते! वळणाच्या बाहेरच्या काठाशी पाण्याला वेग असतो, तो काठ झिजतो. आतल्या बाजूला पाणी मंदावतं, वाळू साचते. वळण वाढतच जातं.

तिसरा दावा मात्र निव्वळ चूक नाही, घातक आहे; त्याच्या भरवशावर कुणी जमीन घेईल. निळी रेघ म्हणजे सर्वेक्षणाच्या वेळचं पात्र. बाजूचा समोच्च रेषा जवळपास नसलेला रुंद पट्टा हे नदीचं पूरमैदान, आणि त्यातली नालाकृती (घोड्याच्या नालेच्या आकाराची) सरोवरं म्हणजे तिने सोडलेली वळणं. पुराचा जाड गाळ काठालगतच बसतो, म्हणून काठ मागच्या शेतांपेक्षा उंच होतो. अशा मैदानात गावं आणि रस्ते काठाने ओळीत दिसतात ते त्यामुळे. अमेरिकेतली यझू नदी मिसिसिपीला मिळण्याआधी लांबवर समांतर वाहते, तीही या उंच काठामुळेच.

त्याच मिसिसिपीने १८८१ मध्ये कास्कास्किया गावाजवळ पात्र बदललं. राज्याची हद्द नकाशावर आजही जुन्या पात्रानेच जाते. गाव इलिनॉय राज्याचं, पण नदीच्या मिसुरी राज्याकडच्या बाजूला.