खुलासा: लिनक्सवर टेस्ट पास झाली म्हणून विंडोजवर होईलच असं नाही

इंदूरच्या आपल्या मराठी प्रोग्रामर मंडळींत एक मेसेज फिरतोय: प्रोसेस (चालू प्रोग्राम) सुरू करणारा इंटरफेस दोन्ही सिस्टिमवर एकच असेल, तर युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागाच्या चाचण्या) लिनक्सवर चालवल्या की पुरे. हे चूक आहे, आणि नव्या मुलांना महागात पडेल.

लिनक्सवर एक्झेकला (exec, प्रोग्राम सुरू करणारा कॉल) आर्ग्युमेंट्स, म्हणजे प्रोग्रामला द्यायची माहिती, सुटी-सुटी मिळतात. विंडोजच्या त्याच कामाच्या क्रिएटप्रोसेसला (CreateProcess) मात्र सगळी मिळून एकच ओळ द्यावी लागते, आणि ती फोडण्याचं काम चाइल्ड प्रोसेसकडे (नव्याने सुरू झालेल्या प्रोसेसकडे) असतं. म्हणून स्पेस, अवतरणचिन्ह, शेवटचा बॅकस्लॅश, रिकामं आर्ग्युमेंट यांच्या टेस्ट विंडोजवर चालवाच. एक्झिट कोडही (प्रोसेस संपताना देते तो आकडा) बघा: 256 दिला तर लिनक्सवर वेटपिडमधून (waitpid, चाइल्ड प्रोसेस संपायची वाट पाहणारा कॉल) 0 हाती येतो, विंडोजवर 256च. नुसत्या मॉकने (खऱ्या प्रोसेसऐवजी वापरलेल्या नकली तुकड्याने) यातलं काही सापडत नाही. खरी, छोटीशी चाइल्ड प्रोसेस सुरू करावी लागते.