दहा रुपयांची अगरबत्ती: सेंट नको, काडी बघा

पूजेच्या सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक काय करतं बघा. पाकीट उचलतं, नाकाला लावतं, डोळे मिटून 'वा!' म्हणतं आणि पैसे देऊन मोकळं होतं. स्वस्त अगरबत्ती निवडायची याहून वाईट रीत नसेल, असं माझं ठाम मत आहे. पाकिटाला येतो तो सेंटचा वास. घरात अर्धा तास जळणार असते ती काडी, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही.

बाजारातली बहुतेक स्वस्त अगरबत्ती दोन टप्प्यांत तयार होते. आधी कोरी बत्ती. बांबूची काडी, तिच्यावर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि हे सगळं धरून ठेवायला जिगट, म्हणजे एका झाडाच्या सालीची चिकट पूड. या काडीला स्वतःचा सुगंध नसतो. मग ब्रँडवाले तिच्या जुड्या सेंटमध्ये बुडवतात, वाळवतात आणि पाकिटात भरतात. सेंट महाग, म्हणून तो डीईपी नावाच्या, जवळजवळ बिनवासाच्या तेलकट द्रावणात पातळ करतात. त्यामुळे एकाच मशीनवरची कोरी बत्ती तीन वेगळ्या पाकिटांत मोगरा, गुलाब आणि केवडा होऊन बसू शकते. पूर्वी तर ही कोरी बत्ती व्हिएतनाम आणि चीनमधून ढिगाने यायची. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने आयातीवर निर्बंध घातले आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केलं, तेव्हा इथल्या मशीनवाल्यांना जरा बरे दिवस आले. म्हणजे तोवर पाकिटावर देव आपला होता, पण आतली काडी कुठली ते त्यालाच ठाऊक.

आता काडी कशी बघायची? एक सुटी काढून खिडकीच्या उजेडात धरा. मसाला सगळीकडे सारख्या जाडीचा आहे की मध्येच गाठी आणि भेगा? खालची रंगवलेली काडी बोटांत चोळा. लाल-हिरवा रंग बोटाला लागला तर उरलेल्या मालातही फार काळजी घेतली असेल अशी आशा धरू नका. मग ती काडी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलाचा लांबट डाग दिसला तर समजा की द्रावण सढळ हाताने वापरलंय. डाग दिसला म्हणजे माल विषारी असं नव्हे, पण आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं.

खरी परीक्षा पेटवल्यावर. निखाऱ्याच्या जरा खाली काडी तापते, तिथला सेंट उडतो आणि दरवळतो. निखाऱ्यात मात्र कोळसा आणि भुसा जळत असतो. नीट जळलेल्या कोळशाला स्वतःचा वास जवळपास नसतो. कच्चा राहिलेला कोळसा वापरला असेल तर मोगऱ्यामागून चुलीचा धूर येतो, आणि हलक्या भुशाचा माल असेल तर जळक्या कागदाचा. हे जवळ बसून कळत नाही, कारण नाक पाच मिनिटांत सरावतं. म्हणून काडी लावून गॅलरीत जा, चहा पिऊन या आणि मग खोलीत शिरा. दारातच जो पहिला वास येईल तो खरा. डोळे चुरचुरले, घशात खवखव झाली की ते पाकीट पुन्हा आणू नका. एक तासाने परत एकदा बघा. चांगल्या काडीचा मंद वास मागे राहतो, वाईट काडीचा पडद्यांना शिळा धूर लागतो.

राखेवरून अस्सलपणा ओळखणारे आमच्याकडेही आहेत. राख न पडता लांब वाकून राहिली की म्हणे माल उंची! अहो, ती जिगटाची करामत. सुगंधाशी तिचा काही संबंध नाही.

चंदनाबद्दल तर बोलायलाच नको. अस्सल चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे. म्हणजे एक ग्रॅमलाच शंभर रुपयांहून जास्त. मग दहा रुपयांच्या पाकिटात, खोका, छपाई आणि दुकानदाराचं कमिशन जाऊन, कुठलं चंदन येणार? कृत्रिम वासाला माझा विरोध नाही. स्वस्तातला कृत्रिम मोगरा कित्येकदा झकास असतो. पण 'शुद्ध चंदन' छापून दहाला विकणाऱ्याचा बाकीचा मजकूर मी वाचतसुद्धा नाही. 'बांबूविरहित' वगैरेंचंही तेच. आत बांबूची काडी नसलेली धूपकांडी झाली तरी धूर तो धूरच, खिडकी उघडी ठेवायचीच.

भाव बघताना वजन बघा. समजा दहा रुपयांत १५ ग्रॅम असेल तर किलोला जवळपास ६७० रुपये पडले. शेजारीच साठ रुपयांचं १२० ग्रॅमचं झिपर पाकीट असतं, ते किलोला पाचशे. लहान पाकीट स्वस्त वाटतं तेवढंच.

माझी पसंती वजनावर मिळणाऱ्या सुट्या मसाला बत्तीला. तिच्यात सुगंधी द्रव्यं मसाल्यातच मळलेली असतात, त्यामुळे ती पिशवीत फार घमघमत नाही आणि म्हणूनच मागे पडते. पंढरपूरला गेलेलं कुणी बुक्क्याबरोबर अशी बत्ती घेऊन आलं की मी आधी ती मागून घेते.

एका बाबतीत मात्र स्वस्त-महाग काही बघायचं नाही. डास पळवणारी अगरबत्ती. कीटकनाशक असलेल्या मालाला सरकारी नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक पाकिटावर असावा लागतो. तो नसेल तर काडीत काय घातलंय हे कुणीच सांगू शकत नाही, आणि आपण ती लेकरांच्या उशाशी लावून झोपतो. दुकानदाराला सरळ विचारा, "काका, यावर नंबर कुठंय?" नसेल तर ठेवा परत.

तुमच्या गावात वजनावर चांगली मसाला बत्ती कुठे मिळते ते खाली लिहा. दुकान कुठल्या गल्लीत ते सांगा, आणि किलोचा भाव जरूर टाका.