गराडूचे पाय जमिनीवर

लेक नोकरीसाठी पुण्याला निघाली आणि जाताना "बाबा, तुम्हाला कंपनी" असं म्हणून सात आठवड्यांचं देशी पिल्लू माझ्या मांडीत टाकून गेली. थंडीचे दिवस, इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडूचा कंद तळायला लागलेले, हेही तसंच तपकिरी आणि गुबगुबीत, म्हणून नाव गराडू.

आता आम्ही इंदूरचे मराठी लोक लस म्हणत नाही, आम्ही टीका लावतो. पुण्याच्या भाच्याला फोनवर सांगितलं की उद्या कुत्र्याला टीका लावायचीय, तर तो म्हणे मामा, एवढ्याशा जिवावर कसली टीका करताय!

डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण करारी. पहिली सुई टोचली, पार्व्हो, डिस्टेंपर असल्या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची सगळ्यांची मिळून एकच, आणि म्हणाल्या आता 16 आठवड्यांचा होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी या, रेबीजची तीन महिन्यांनंतर. मी म्हटलं एकदा टोचली ना, मग परत परत कशाला? तर पिल्लाला आईच्या दुधातून जी प्रतिकारशक्ती मिळते तीच म्हणे लशीला चालू देत नाही, आणि ती कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून परत परत. आमच्या आईला हे घरी येऊन सांगितलं तर तिला लगेच पटलं. "आजी घरात असली की पोराला बापाची शिस्त लागत नाही, तसंच ते," म्हणाली. स्वतःबद्दल इतकं खरं ती पहिल्यांदाच बोलली.

तर सगळे टीके होईपर्यंत बाहेर जमिनीवर पाय ठेवू द्यायचा नाही. पार्व्हो आजारी कुत्र्याच्या शीतून पसरतो, जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि आपल्या बुटांना चिकटून घरात येतो. आमचं शहर 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं हे पार्व्होला कोणी सांगितलेलं नाही. मग काय, चपला गेटबाहेर, आल्यागेल्याने पाय धुवायचे, फरशीला ब्लीच. आजोबांबरोबर आमच्या घरातलं सोवळं संपलं होतं, ते कुत्र्यामुळे परत आलं.

मी मनात म्हटलं चला, आता जानेवारीपर्यंत घरात बसायला कारण मिळालं. तर दारातून निघता निघता बाई म्हणतात, "और हाँ अंकल, इसको रोज बाहर घुमाना है." कारण साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लू जे जे न घाबरता बघतं त्याची त्याला सवय होते, नुसतं कोंडून ठेवलं तर पुढे जन्मभर प्रत्येक छत्रीवर भुंकतं. अहो पण जमिनीवर पाय न ठेवता घुमवू कसं? "गोदी में!"

झालं. वयाच्या 58 व्या वर्षी मी भाजीची कापडी पिशवी गळ्यात अडकवून, त्यात गराडू, असा लोकमान्य नगरातून निघायला लागलो. बाईंनी यादीच दिली होती, दाढीवाले, हेल्मेटवाले, काठीवाले आजोबा, लहान पोरं, ई-रिक्षा, गाय. दाढीवाले एरवी ढिगाने दिसतात, पण शोधायला निघालं की सगळे गुळगुळीत! शेवटी राजवाड्यासमोर एकाला थांबवून म्हटलं, भिया, जरा दो मिनट इसको अपनी दाढ़ी दिखा दो. दिली बिचाऱ्याने, आपले इंदुरी लोक प्रेमळच.

फार प्रेमळ, तोच त्रास. पोह्याच्या गाडीवर जो तो त्याला पोहे भरवायला बघतो, आणि पोह्यात कांदा, कांदा कुत्र्यांना विषारी, म्हणून मी एका हाताने पिशवी आणि एका हाताने आग्रह, दोन्ही आवरतोय. खिशात पनीरचे तुकडे असायचे. लग्नाच्या बँडला तो घाबरला तर जबरदस्ती नाही करायची, लांब जाऊन उभं राहायचं आणि पनीर द्यायचं. बँड गेला, वरात गेली, घोडी पण गेली, मी लांब उभा, शर्टाला पनीरचा वास. कचऱ्याच्या गाडीच्या गाण्याला मात्र तो सुरुवातीला रडायचा, आता ती यायच्या आधी खिडकीत जाऊन बसतो.

कुत्र्यांशी ओळख करायची तर फक्त टीके पूर्ण झालेल्या, शांत कुत्र्यांशी. मागच्या गल्लीत एक म्हातारी लॅब्राडोर आहे, तिच्या मालकांकडे मी कार्ड मागितलं तर ते तोंडाकडे बघत राहिले. मुलीच्या लग्नात पत्रिका बघितली नाही हो मी! कार्ड जुळलं, बैठक झाली, आपल्या अंगणात, चहासकट. लॅब्राडोर झोपून गेली आणि गराडू तिच्या शेपटीवर.

शेवटचा टीका जानेवारीअखेर झाला, बाई म्हणाल्या अजून आठवडाभर थांबा. थांबलो. मग नवा पट्टा, आई ओट्यावर खुर्ची टाकून, हिने कुंकू लावलं (मला नाही, त्याला), आणि मी साडेआठ किलोचा गराडू समारंभाने रस्त्यावर ठेवला.

बसला. पट्टा ओढला तर आडवा झाला. पनीर दाखवलं तर मान लांब करून खाल्लं आणि परत पिशवीकडे बघायला लागला, ती पिशवी ज्यात आता त्याचं एक तंगडंसुद्धा मावत नव्हतं. दहा मिनिटं हेच. शेवटी उचलला, कंबर कट्ट वाजली, आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला रोज बघत असतो तो ओरडला, "क्यों काका, चलने वाला टीका बाकी रह गया क्या?"