सशाला पाणी पाजलं की तो मरतो म्हणे!

“ससा पाळताय? मग हे नियम पाळाच!” अशा मथळ्याचा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सशाला पाणी देऊ नका. गाजर पोटभर द्या. भिजवलेले हरभरे आणि पोळी रोज द्या. वाळलं गवत गुरांसाठी असतं. ससा स्वतःच्या लेंड्या खाताना दिसला तर लगेच थांबवा. आठवड्यातून एक दिवस उपवास घडवा, पोटाला विश्रांती मिळते. शेवटी हात जोडलेला इमोजी. असल्या मेसेजांच्या नादी मी लागत नाही. पण नागपूरच्या माझ्या भाचीने तो वाचून भर मे महिन्यात पिंजऱ्यातली पाण्याची वाटी काढून घेतली आणि वर मलाच फोन केला, “मावशी, पाला देतेय ना मी, तेवढा पुरेल ना?” नाही पुरणार, बाई.

तेव्हा आधी पाण्याचंच. ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की विकणारेही ससा हातात देताना तेच बजावतात. जनावरांचे डॉक्टर जगभर वापरतात ते मर्क व्हेटरिनरी मॅन्युअल १९५५ पासून निघतंय. त्यात सशाची पाण्याची रोजची गरज वजनाच्या किलोमागे ५० ते १५० मिली दिली आहे. दोन किलोचा ससा दहा किलोच्या कुत्र्याइतकं पाणी पितो, असंही त्यात आहे. भाचीचा ससा दीड किलोचा, म्हणजे ७५ ते २२५ मिली. नागपूरच्या उन्हाळ्यात वरचाच आकडा धरा.

पाणी तुटलं की ससा आधी वाळलं गवत सोडतो. मग पोटातलं अन्न घट्ट होऊन बसतं, लेंड्या बारीक आणि कोरड्या होतात आणि शेवटी बंदच होतात. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलेलं आतच राहतं. घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर पडते. अशा प्राण्याला मे महिन्यात कोरडं ठेवायचं? आणि पाणी द्यायचं ते जड, पसरट वाटीत. नळीच्या बाटलीपेक्षा वाटीतून ससे जास्त पितात.

एक गोष्ट मेसेजवाल्याची नाइलाजाने मान्य करावी लागेल. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे भरपूर पाला खाणारा ससा वाटीकडे कमी फिरकतो. पण तो पाणी कमी पितो म्हणजे पाणी त्याचा जीव घेतं, हे कुठलं तर्कशास्त्र?

मग “पाणी पाजलं आणि दोन दिवसांत गेला” हा अनुभव इतक्यांच्या गाठीशी कसा? विकायला ठेवलेली पिल्लं पाहा, मुठीत मावतील एवढी. आठ आठवडे भरायच्या आत आईपासून तोडलेली. पोट अजून दुधावरून पुरतं सुटलेलं नसतं, त्यात प्रवासाची दगदग, आणि नव्या घरी पोहोचताच मुलं कौतुकाने कोबीची पानं भरवत सुटतात. जुलाब लागतात, शेपटीखालचे केस ओले होतात, पिल्लू जातं. शेजारी पाण्याची वाटी असते, खापर तिच्यावर फुटतं. विकणाऱ्याला हे सोयीचंच आहे, कारण एवढं कोवळं पिल्लू विकलंस कसं, हे त्याला कुणी विचारत नाही.

“वाळलं गवत गुरांसाठी” असं लिहिणाऱ्याने सशाच्या तोंडात कधी डोकावलेलं दिसत नाही. त्याचे अठ्ठावीसही दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा घासल्या जातात. पोळीने ते होत नाही. वाढलेल्या दाढांची टोकं जिभेत आणि गालात रुतली की ससा खाणं टाकतो. म्हणून खाण्याचा चार-पंचमांश भाग गवतच हवं. टिमोथी नावाच्या वाळल्या गवताचं परदेशी पाकीट परवडत नसेल तर ओटचं वाळलं गवत चालतं. हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा, फवारणी नसलेल्या जागेतून आणून द्या. भाताचा पेंढा मात्र अंथरायलाच ठेवा. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको. तिच्यातलं जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयात गाळ साचवतं.

गाजर? आवडतं, कारण गोड असतं. एखादी चकती द्या आणि पाला मात्र निवडताना फेकू नका, तो जास्त कामाचा. हरभरे, पोळी, बिस्किटं यांतल्या पिठूळपणावर आतड्यातले नको ते जंतू पोसले जातात आणि गॅस धरतो. हा विषय इथेच संपला.

लेंड्यांचं मात्र समजून घ्या. सशाच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या. कोरड्या, गोल, त्या टाकून देण्याच्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. या तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे, म्हणून आपल्याला सहसा दिसतही नाहीत. अंधनालात, म्हणजे आतड्याच्या मोठ्या पिशवीसारख्या भागात, जंतूंनी आंबवून तयार केलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं त्यांत असतात. त्या खाऊ न देणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं. आपल्याला किळस येते, तर तिकडे पाहू नका.

राहिला उपवास. आपले उपवास आपल्यापाशी. सशाचं पोट विश्रांती घ्यायला लागलं की तो मरणाच्या वाटेला लागतो. रात्रीपासून खाल्लं नाही आणि सकाळी ट्रेमध्ये एकही लेंडी नाही, एवढं दिसलं की संध्याकाळची वाट पाहू नका. दवाखान्यात निघण्याआधी फोन करून विचारा, ससा बघता का. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बघत नाहीत. आणि घरात पडलेलं मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप त्याच्या तोंडात अजिबात घालू नका. त्याने आतड्यातले कामाचे जंतू मरतात आणि पाठोपाठ ससाही.