परमिट कुणाच्या ड्रॉवरमध्ये राहणार, दादा?

भोसरीतल्या माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, की पुण्या-मुंबईत बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना वर्क परमिट लावा, मालकाने हमी घेतली तरच राहू द्या, काम सुटलं की पहिल्या गाडीने परत पाठवा, ऑस्ट्रेलियात असंच असतं, खोटं वाटत असेल तर याला विचारा, आणि खाली माझं नाव. तेरा अंगठे आले त्यावर. आत्यानेही दिला, जिचा नातू न्यू जर्सीत एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या कामाच्या व्हिसावर आहे, आणि सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्पनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली तेव्हा याच ग्रुपवर आठवडाभर सुतक होतं. मला न विचारता माझी साक्ष काढली म्हणून राग आला, तर आता साक्ष पूर्ण देतो.

मी मेलबर्नला 2014 ला आलो, 457 व्हिसावर, डिझेल मेकॅनिक म्हणून. मिरजेतून आयटीआय, मग सात वर्षं ट्रकच्या गॅरेजात हात काळे केलेले, इथं पश्चिमेकडच्या एका छोट्या वर्कशॉपने स्पॉन्सर केलं. 457 हा 1996 पासूनचा व्हिसा, मालकाला माणूस पाहिजे, सरकारला मालकाची हमी पाहिजे आणि माणसाने त्याच मालकाकडं काम करायचं. पगाराची किमान मर्यादा वर्षाला 53,900 ऑस्ट्रेलियन डॉलर, 2013 ला ठरवली ती पुढं दहा वर्षं हलली नाही. माझा पगार होता 54,000. कागदावर 38 तासांचा आठवडा, प्रत्यक्षात शनिवार धरून 50-55, जादाचे पैसे नाहीत. वर दर पंधरा दिवसांनी पगार खात्यात आला की एटीएममधून 300 डॉलर काढायचे आणि सोमवारी सकाळी पाकिटात घालून मालकाच्या टेबलावर ठेवायचे. तो त्याला व्हिसाचा खर्च म्हणायचा. स्पॉन्सरशिपचा खर्च कामगाराकडून घेणं तेव्हाही बेकायदेशीर होतं आणि मला ते माहिती होतं. दोन वर्षांत 15,600 डॉलर दिले. कुठं लिहून ठेवले नाहीत, पण आकडा पाठ आहे.

मग गप्प का बसलास, असं दादा विचारेल. अरे, नोकरी गेली की नवा स्पॉन्सर शोधायला 90 दिवस, नाहीतर देश सोडायचा, आणि नोव्हेंबर 2016 पासून तर नव्या व्हिसावाल्यांना 60च केले. पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, त्याच मालकाकडं दोन वर्षं भरायची, मधेच सोडलं तर मोजणी परत पहिल्यापासून. मुलगी दीड वर्षाची होती, मिरजेच्या घरावर कर्ज होतं. अशात एकवीस महिने झालेला माणूस मालकाशी भांडत नाही. सरकारने सगळं लक्ष माझ्यावर ठेवलेलं, मी कुठं राहतो, कुणाकडं काम करतो, किती दिवस उरले. मालकाच्या टेबलावरच्या पाकिटाकडं बघायला कधी कोणी आलं नाही. 2015 ला सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांतलं प्रकरण बाहेर आलं, पोरांना खात्यात पूर्ण पगार द्यायचा आणि रोख परत घ्यायचा असंही चालायचं, बहुतेक विद्यार्थी, व्हिसाचे तास मोडलेले, त्यामुळं तक्रार केली तर आपल्यालाच परत पाठवतील ही भीती. टीव्हीवर ते चालू होतं तेव्हा मी बायकोला आवाज कमी करायला सांगितला. शेजारचा वर्कशॉपमधलाच होता.

हे इथल्या सरकारला कळायला वीस-पंचवीस वर्षं लागली, पण कळलं, आणि याचं मी कौतुक करणार, कोणी एनआरआयचा माज म्हटलं तरी. 457 2018 ला बंद झाला, त्याजागी 482 आला. 1 जुलै 2024 पासून नोकरी सुटली तर एका वेळी 180 दिवस मिळतात, सगळे मिळून 365, आणि तेवढ्यात दुसरीकडं काम करून पोट भरायची मुभा. त्याच दिवसापासून व्हिसाची भीती घालून माणूस राबवणं हा फौजदारी गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि अशा मालकाला नवीन परदेशी माणूस ठेवायला बंदी घालता येते. पगाराची मर्यादा 2023 ला एकदम 70,000 केली, जुलै 2025 पासून 76,515 केली. पीआरची दोन वर्षं आता कुठल्याही मान्यताप्राप्त स्पॉन्सरकडची धरतात, आणि सगळ्यात मोठा फरक मला तोच वाटतो, कारण माणूस सोडून जाऊ शकतो हे माहिती असलं की मालकाचा आवाज आपोआप खाली येतो.

दादा यातला एकच मुद्दा उचलणार, की परदेशी माणूस घ्यायच्या आधी इथं चार आठवडे जाहिरात द्यावी लागते, म्हणजे स्थानिकाला आधी. बरोबर आहे, द्यावी लागते. पण टास्मानियातलं पोरगं मेलबर्नला कामाला आलं तर त्याला कोणी परमिट विचारत नाही दादा, कारण तो त्याचाच देश आहे. झारखंडचं पोरगं भोसरीत येतं ते घटनेच्या 19व्या कलमाने येतं. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिक असा कायदा केला, तो हायकोर्टाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केला. मराठीबद्दल मी दादाच्याच बाजूचा आहे, बँकेत, स्टेशनवर, दुकानात मराठी चाललीच पाहिजे, मला आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिल्याशिवाय इथं कोणी उभं केलं नाही. ते भांडण वेगळं आणि परमिट वेगळं.

आणि मालकावर नजर ठेवायचा कायदा आपल्याकडं नव्हता थोडाच. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा, त्यात कंत्राटदाराला लायसन, कामगाराला फोटोचं पासबुक, निघताना महिन्याच्या निम्म्या पगाराएवढा भत्ता, सगळं लिहिलेलं. चाळीस वर्षांनी 2020 ला माणसं पोरंबाळं खांद्यावर घेऊन नाशिक हायवेने चालत निघाली, आणि सप्टेंबरात सरकारने संसदेत सांगितलं की किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी आमच्याकडं नाही. आता तो कायदा नव्या लेबर कोडमध्ये गेलाय. राबवला जाईल का, हे दादाने ग्रुपवर विचारलं असतं तर चौदावा अंगठा माझा होता.

मागच्या डिसेंबरात मी दादाच्या कारखान्याच्या शेडवर गेलो होतो. अकरा पोरं प्रेसवर, राहतात वरच्या पत्र्याच्या खोलीत, गावाकडून आलेल्या माणसाला दादा जेवल्याशिवाय सोडत नाही तसा त्यांच्याही जेवणाला हात आखडता घेत नाही, हे खरं आहे आणि ते सांगायला पाहिजे. चहा आला, त्याने चेकबुक काढायला ड्रॉवर उघडला आणि मला आत पोरांची आधार कार्डं दिसली, रबर लावून ठेवलेली, वरच्या कार्डाचा कोपरा तेलाने पिवळा पडलेला. म्हटलं हे काय, तर म्हणाला, उचल घेऊन पळतात रे, म्हणून ठेवतो. मी चहा प्यायलो. काही बोललो नाही. रत्नागिरीकडची माणसं आखातातून येऊन सांगायची की पासपोर्ट मालकाकडंच असतो, ते ऐकून आपण हळहळायचो, आणि इथं माझ्यासमोर तेच होतं, माझ्या मामाच्या पोराच्या हाताने. परमिट आलं की ते त्याच रबरात जाणार.

तू देश सोडलास, तू बोलू नकोस, असं त्याने मला खाली लिहिलंय. 2019 ला मी भारतीय पासपोर्ट जमा केला, ओसीआय घेतलं, म्हणजे येण्या-राहण्याची मुभा पण मत नाही, नोव्हेंबर 2024 ला तुम्ही सगळ्यांनी बोटाची शाई दाखवणारे फोटो टाकले तेव्हा माझं बोट कोरंच होतं, ते लागलं मला, अजून लागतं. पण इथं नागरिक होऊनही जुन्या मालकाची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, रस्त्यात दिसली की माझा हात आपोआप खिशाकडं जातो. मिरज का मेलबर्न असं लोक विचारतात, मला खरं वाटतं मी कुणाचा असेन तर त्या पत्र्याच्या खोलीतल्या पोरांचा.

गेल्या महिन्यात आमच्याकडं पार्ट पोचवायला येणाऱ्या पंजाबी पोराने सांगितलं, त्याचा मालक दर पगाराला पैसे परत मागतो. दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून आम्ही फेअर वर्कला, म्हणजे पगाराच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याला, फोन लावला, 13 13 94, स्पीकरवर, बराच वेळ संगीत वाजत राहिलं. मधे त्याने विचारलं, भाईसाब, आपने भी किया था? मी नाही म्हणालो.

या डिसेंबरात परत येतोय, दादा. तोवर ती कार्डं पोरांची पोरांना देऊन टाक.