मालकाचे उत्तर: न्यूट्रलचा नट ढिला नव्हता

नमस्कार साहेब,

आम्ही बसवलेल्या विजेच्या पॅनेलमधून ऑफिसात जळका वास सुटला, स्टाफला घरी पाठवावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहे. आमची माणसं रबाळ्याच्या साइटवर होती म्हणून यायला संध्याकाळ झाली.

पण ‘न्यूट्रलचा नट ढिला सोडला आणि शिवाय बघायला येण्याचे ७०० रुपये घेतले’ असं आपण एक स्टार देऊन लिहिलंत, त्यावर गप्प बसवत नाही. वागळे इस्टेटमध्ये माझी कामं एकाने दुसऱ्याला सांगून येतात.

आपण फोटो टाकलात तो फक्त न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, काळ्या पडलेल्या लगचा (तारेच्या टोकाला दाबून बसवतात आणि नटाने आवळतात ती धातूची टोपी). शेजारचे तीन फेजचे लग का नाही दाखवले? तेही त्याच दिवशी, त्याच हाताने बसवलेत. एकाचीही स्लीव्ह (वरची प्लास्टिकची नळी) पिवळी पडलेली नाही.

आपली केबल जुनी, साडेतीन कोर, म्हणजे आत तीन जाड तारा आणि चौथी न्यूट्रलची बारीक. फेज ३५ स्क्वेअर एमएम, न्यूट्रल फक्त १६. आम्ही पॅनेल केलं तेव्हा ट्यूबलाइट आणि पंखे होते. नंतर आपण कॉम्प्युटर, यूपीएस, एलईडी पॅनेल लावलेत. ही उपकरणं करंट सरळ लाटेत घेत नाहीत, तुकड्या-तुकड्यांत ओढतात. त्यातून मेनच्या ५० हर्ट्झच्या तिप्पट, म्हणजे १५० हर्ट्झचा जो भाग तयार होतो तो तिन्ही फेजचा एकमेकांत कटत नाही, न्यूट्रलमध्ये बेरीज होतो. आपल्यासमोर मोजलं: फेजला ५० अँपिअरच्या आत, न्यूट्रलला ७१. आपल्या इलेक्ट्रिशियनच्या साध्या क्लॅम्प मीटरने तेच ५२ दाखवले, कारण वेडावाकडा करंट त्याला नीट वाचता येत नाही. त्याला कोणत्याही आकाराचा करंट बरोबर मोजणारा ट्रू आरएमएस मीटर लागतो, आणि ते ७०० रुपये त्या तपासणीचे होते.

जोडावरची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दिवसा तापायचं, रात्री थंड व्हायचं, असं रोज झालं की घट्ट बसवलेला लगही सैल होतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, करंटला होणारा अडथळा (रेझिस्टन्स) वाढतो, आणखी तापतो. नट ढिला सापडला तो जळण्याआधी नव्हे, जळता जळता झालेला. आपल्या भाच्याने ‘स्किन इफेक्ट’ म्हटलं, म्हणजे हर्ट्झ वाढले की करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो; पण १५० हर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये करंट शिरण्याची खोली साडेसहा मिलिमीटरच्या वर जाते आणि आपली न्यूट्रल कोर जाडीला जेमतेम पाच. इथे त्याचा वाटा किरकोळ.

एमसीबी का पडला नाही, हेही आपण विचारलंत. आपल्याकडच्या टीपीएन (तीन फेज आणि न्यूट्रल) एमसीबीत न्यूट्रलचा करंट वाढला म्हणून आपोआप पडण्याची सोय नसते, आणि फेज तर मर्यादेतच होते.

कोटेशनमध्ये फेजइतक्याच जाड न्यूट्रलची चार कोर केबल लिहिली होती. ती ओळ ‘नंतर बघू’ म्हणून आपणच खोडलीत. कागद माझ्याकडे आहे.

यापुढे फोन लवकर उचलायची काहीतरी सोय करतो, तपासणीचा दरही आधी सांगू. केबल आपण आणा, लग आणि मजुरी माझी. रविवारी ऑफिस बंद असताना करून देतो, फक्त मेन स्विच बंद ठेवायची परवानगी सोसायटीकडून आधी घेऊन ठेवा.