वहिनीच्या वरण-भाताला बोल लावू नका

आज सकाळी सिंहगडावर मडक्यातलं दही खात बसलो होतो. आमच्या सायकल ग्रुपमधल्या एका नव्या मुलाने विचारलं, "दादा, पावसाळ्यापासून दर रविवारी येतोय, पण वजनाचा काटा हलतच नाही. काय करू?" त्यावर आमच्यातल्याच एका जुन्या भिडूने त्याच्या पाठीवर थाप मारली. "भात सोड! आणि संध्याकाळी ये, बसू. एवढा चढ मारलास, दोन बीअर तर बनतातच." सगळे हसले. माझं डोकं सटकलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहितोय.

"भात सोड" हे मी आमच्या घरात वर्षभर ऐकलंय. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या दादाने सायकल घेतली आणि मनापासून चालवली. पहाटे खडकवासला, रविवारी गड नाहीतर बोपदेव घाट. पोट मात्र जिथल्या तिथे. मग आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी वहिनीच्या स्वयंपाकघराची झडती घेतली. बिचारीने भात बंद केला, वरणावरचं तूप बंद केलं, रोज ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. दादाच्या शुक्रवार-शनिवारच्या बैठकीबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही. का, तर तो एवढी सायकल मारतो, दमतो!

अरे, जरा हिशेब तरी करा. एका ग्रॅममागे तेला-तुपात ९ कॅलरी, साखरेत ४ आणि दारूत ७. ६५० मिलीची स्ट्राँग बीअर म्हणजे साडेतीनशेच्या आसपास, दोन झाल्या की सातशे. व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग १४० च्या घरात, मग तो सोड्यात घ्या नाहीतर पाण्यात. चकण्याला शंभर ग्रॅम शेंगदाणे संपले की आणखी साडेपाचशे, आणि रात्री बाराला बिर्याणी. घरून निघून गड चढून परत येईपर्यंत जळतात हजार-बाराशे. मग कमी काय होणार, कपाळ? आणि खटला कुणावर, तर वाटीभर भाताच्या दीड-दोनशे कॅलरींवर.

बरं, प्रश्न नुसत्या कॅलरींचाही नाही. दारू शरीराला साठवता येत नाही, म्हणून ती आधी निकालात काढावी लागते. तोवर चरबी जाळायचं काम मागे पडतं आणि चकण्यातलं तेल निवांत पोटावर जाऊन बसतं. झोप मोडते, अंगातलं पाणी जातं, सकाळी नाडी आधीच वाढलेली असते आणि त्याच अवस्थेत लोक घाट उतरतात. "जवाचं पाणीच आहे, कार्ब लोडिंग होतं", म्हणजे राईडसाठी अंगात इंधन भरतं, असं म्हणणाऱ्यांचा तर मला संताप येतो. बीअरमधल्या निम्म्याहून जास्त कॅलरी अल्कोहोलच्या असतात. त्यातून स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, भरत नाही.

वहिनी दादाशी भांडली नाही. दुधाचे खाडे मांडायचं कॅलेंडर असतं ना, त्यावर तो ज्या दिवशी बसून यायचा त्या तारखेच्या कोपऱ्यात ती हिरव्या पेनाने ठिपका द्यायला लागली. महिनाअखेर दुधाचा हिशेब दादाच करतो. हे ठिपके कसले, म्हणून त्याने विचारलं. तिने सांगितलं आणि पुन्हा परातीकडे वळली. खाडे दोन-तीन होते, ठिपके त्याच्या कितीतरी पट. दादा काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात ठिपके विरळ झाले, मग बंद. भात ताटात परत आला, तूपही आलं. गड तोच, सायकल तीच. वजन हळूहळू उतरलं, साखरही उतरली.

थायरॉईड, औषधं, वय ही कारणं असतात, मान्य. महिन्यातून एखादी बीअर घेणाऱ्याशी माझं भांडणही नाही. आणि न पिणाऱ्यांनीही फार हुरळू नये. रिकाम्या पोटी चढायचं, मग खाली येऊन भज्यांच्या दोन प्लेटी आणि दुपारी घरी श्रीखंड-पुरीवर आडवा हात, हेही मी बघतोच. निघताना केळं किंवा पोहे खा, लांबची राईड असेल तर वाटेत थोडं थोडं खात राहा. मग अशी वखवख होत नाही.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. दादाने बसणं सोडलं आणि त्याला ग्रुपमधल्यांचे फोन यायचे बंद झाले. "बायकोला घाबरतो" म्हणून झालं. साखर किती आली, हे एकानेही विचारलं नाही. हीच माणसं घाटात कुणाची ट्यूब फाटली तर तासभर उन्हात थांबतात, स्वतःची ट्यूब काढून देतात. मी पाहिलंय, म्हणूनच जास्त त्रास होतो. वाईट माणसं नाहीत रे ही.

ॲडमिन मंडळी, राईडच्या मेसेजखाली "संध्याकाळी बसू" लिहिणं बंद करा. ज्यांना बसायचंय त्यांनी वेगळा ग्रुप काढावा, माझी काही हरकत नाही. पुढच्या रविवारी बोपदेवला दादा येतोय, मीच बोलावलंय. त्याला कुणी आग्रह केला, तर "गंमत केली" म्हणून मी सोडून देणार नाही.